मुंबईत राहून गावची सोयाबीन शंखी गोगलगाईपासून कशी वाचवाल

मुंबईत नोकरी आणि गावाकडं सोयाबीन, असं ज्यांचं आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं: वर्षातून एकदाच रजा मिळणार असेल, तर ती काढणीला न घेता उगवणीला घ्या. शंखी गोगलगाय पिकाचं सगळ्यात जास्त नुकसान करते ते उगवणीनंतरच्या पहिल्या पंधरा-वीस दिवसांत. २०२२ साली लातूर, बीड, उस्मानाबादकडं तिनं कोवळी सोयाबीन फस्त केली, तेव्हापासून आमच्या विक्रोळीच्या घरात जून म्हणजे धाकट्या दिरांचे लातूरजवळच्या औशाहून फोन. "वहिनी, कडेच्या ओळींत रोपंच दिसंनात!"

असा फोन आला की आधी विचारा, रोपं उपटलीत की कुरतडलीत? गोगलगाईचं काम असेल तर दोन दलांच्या जागी नुसतं देठाचं बोटूक उरतं आणि मातीवर वाळलेल्या चिकट स्रावाचा चकाकणारा माग दिसतो. बिनशंखाच्या शेंबीचा मागही असाच असतो आणि उपायही जवळपास तेच.

लातूरची गाडी शुक्रवारी रात्री पकडली तर शनिवारचा दिवस हाताशी येतो. दुपारी बांध फिरा. दगडांचे ढीग, गवत, विहिरीकडची ओल, शेणखताचा उकिरडा, गोगलगाईचा मुक्काम इथंच. माती थोडी उकरली की साबुदाण्यासारखी पिवळसर पांढरी अंडी पुंजक्यानं सापडतात. एक मादी, एक नर असा प्रकार नाही. प्रत्येक गोगलगाय अंडी घालते, एका वेळी शंभराच्या वर. अंडी गोळा करून नष्ट करा.

दिवस मावळताना गोणपाटं गुळाच्या पाण्यात भिजवून बांधालगत सात-आठ मीटरवर एकेक अंथरा. रात्री बाहेर पडलेल्या गोगलगाई उजाडायच्या आत त्यांच्याखाली गोळा होतात. रविवारी पहाटे, ऊन चढायच्या आधी, सगळ्या घरानं वेचणीला उतरायचं. हातमोजे हवेतच, कारण तिच्या अंगातला जंत माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. पोरांना उघड्या हातानं वेचू देऊ नका. वेचलेल्या गोगलगाई बादलीतल्या मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा, मग खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. नाल्यात किंवा रस्त्यावर फेकल्या तर त्या शेजाऱ्याच्या रानात जातात. मीठ मात्र शेतात कधीच टाकू नका, जमीन नासते.

बांधाच्या आतून चुन्याच्या भुकटीचा चार बोटं रुंद पट्टा ओढा. पाऊस पडला की तो निकामी होतो, पुन्हा ओढावा लागतो.

एवढं करूनही आवरत नसेल तरच मेटाल्डिहाइड या गोगलगाईनाशकाचे २.५ टक्क्यांचे दाणे, एकरी २ किलो, संध्याकाळी, पावसाची उघडीप बघून. हे दाणे कुत्र्यानं किंवा जनावरानं खाल्ले तर जीव जातो. गावात कुणाला पैसे पाठवून "टाकून द्या" म्हणू नका. स्वतः उभं राहून टाका आणि जनावरं बांधून ठेवायला सांगा.

मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत गावी जाणार असाल तर खोल नांगरट करून घ्या, बांधावरचं गवत काढा. उन्हाळाभर गोगलगाय शंखाचं तोंड बंद करून मातीत पडून असते; वर आली की उन्हानं मरते, पाखरं खातात.

कडेला नांगे, म्हणजे ओळीत रोपांच्या रिकाम्या जागा, पडलेच तर आठवड्याच्या आत टोकणीनं भरा, पण आधी दोन-तीन रात्री गोणपाटं लावून बघा. त्यांच्याखाली गोगलगाई अजून सापडत असतील तर बियाणं पिशवीतच राहू द्या.