आरव्ही पार्कात व्हॉलंटियर होऊन राहायचंय? साइट घेण्याआधी हे वाचा

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर घेतलं की थोड्याच दिवसात कळतं, गाडीच्या हप्त्यापेक्षा ती उभी करायच्या जागेचं भाडंच जास्त बोचतं. बऱ्यापैकी प्रायव्हेट पार्कात रात्रीचे ५०-६० डॉलर सहज जातात, सीझनला त्याहून जास्त, आणि मग कुणीतरी सांगतं की अहो त्यापेक्षा कॅम्प होस्ट व्हा ना, म्हणजे सरकारी पार्कात राहून तिथली देखरेख करणारा व्हॉलंटियर, जागा फुकट मिळते. नुकतेच रिटायर झालेले, मुलांमागोमाग ग्रीन कार्डावर इकडे आलेले बरेच जण हल्ली हे विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही दोघं बरीच वर्षं अमेरिकेत आहोत आणि आता वर्षातले बरेच महिने असेच राहतो.

व्यवहार साधा आहे. तुम्ही आठवड्याला ठरलेले तास काम करायचं, साधारण २० ते ३२, आणि पार्क तुम्हाला साइट देणार, बहुतेक ठिकाणी फुल हुकअप म्हणजे पाणी, वीज आणि सांडपाण्याची लाइन तिन्ही. पगार नाही. आता आपला मराठी हिशोब लावा. तीच साइट भाड्याने महिना १५०० ची धरली आणि महिन्याला १०० तास काम केलं तर तासाला १५ डॉलर सुटले, पण नवराबायको दोघांनी १००-१०० तास द्यायचे असतील तर तोच आकडा साडेसातवर येतो. त्यामुळे फोनवर पहिला प्रश्न हाच विचारायचा, तास माणशी की साइटमागे? लाजायचं नाही, तिकडच्या माणसाला हा प्रश्न रोजचा असतो.

आता व्हिसाचं, कारण इथे आपली मंडळी फार सहज घेतात. पैसे घेत नाही ना मग काय हरकत, असं वाटतं, पण कामाच्या बदल्यात राहायची जागा मिळाली तर तो मोबदलाच धरला जाऊ शकतो. नोकरीच्या एच-१बी, त्यांच्या कुटुंबाच्या एच-४, शिक्षणाच्या एफ-१ वाल्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय या भानगडीत पडू नये आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांना तर अजिबातच यात ओढू नका, घरात कंटाळतात म्हणून सुद्धा नाही. सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना अडचण नाही. नॅशनल पार्क सर्व्हिसचा परदेशी व्हॉलंटियरांसाठी वेगळा प्रोग्रॅम आहे पण त्याला जे-१ हा एक्स्चेंज व्हिसा लागतो, तो सगळा वेगळाच रस्ता.

जागा कुठे शोधायच्या? फेडरल खात्यांचं सगळं व्हॉलंटियर डॉट गव्ह या एकाच वेबसाइटवर मिळतं, तिथे नॅशनल पार्क, फॉरेस्ट सर्व्हिस, बीएलएम (सरकारी मोकळ्या जमिनींचं खातं), आर्मी कोअरची (लष्कराच्या इंजिनियर खात्याची) धरणं-तलाव, फिश अँड वाइल्डलाइफची अभयारण्यं असं सगळं दिसतं. स्टेट पार्कांचं ज्या त्या राज्याच्या वेबसाइटवर. सगळे यलोस्टोन आणि योसेमिटीवर उड्या मारतात. माझं मत विचाराल तर सुरुवात तिथे करूच नका, गर्दी भयंकर, आणि होस्टच्या वाट्याला निसर्गापेक्षा पार्किंगची भांडणंच जास्त येतात. त्यापेक्षा अभयारण्यं बघा. न्यू मेक्सिकोत बॉस्के देल अपाचे आहे, हिवाळ्यात तिथे हजारो क्रौंच उतरतात आणि व्हॉलंटियरांसाठी आरव्हीचे पॅड म्हणजे गाडी उभी करायच्या जागा आहेत. काम व्हिजिटर सेंटरचं, नाहीतर बाहेर झाडझुडूप काढायचं. किंवा ऑरेगनचा किनारा. तिथल्या हेसिटा हेडच्या दीपगृहात १८९४ पासून दिवा लागतोय आणि लोकांना आत नेऊन माहिती सांगायचं काम स्टेट पार्कचे व्हॉलंटियर करतात. ज्यांना बोलायची हौस आहे, शाळा-कॉलेजात शिकवलंय, त्यांनी असल्या माहिती द्यायच्या कामाला अर्ज करा, होस्टच्या कामापेक्षा शंभरपट बरं. अर्ज मात्र सहा महिने ते वर्षभर आधी, उन्हाळ्याच्या जागा हिवाळ्यातच भरलेल्या असतात.

होकार देण्याआधी सगळं ईमेलवर लेखी घ्या. सुट्टी कुठल्या वारी (शनिवार-रविवार मिळणार नाही हे धरूनच चाला), वीज ३० अँप की ५०, साइटवर तुमच्या लांबीची गाडी बसते का, प्रोपेनचे पैसे कोण देणार, फोनला रेंज आहे का, आणि मुख्य म्हणजे संडास कोण साफ करणार. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याला एका पार्कात फोनवर सांगितलं होतं की फक्त किऑस्कवर म्हणजे प्रवेशाच्या खिडकीवर बसायचंय, पोचल्यावर हातात ब्रश आणि बादली दिली, आणि लेखी काहीच नव्हतं त्यामुळे भांडायला जागाच उरली नाही. फेडरल जागेवर व्हॉलंटियर ॲग्रीमेंट सही करून घेतात, त्यातलं कामाचं वर्णन शब्द न शब्द वाचा. त्या कामात तुम्हाला लागलं-खुपलं तर फेडरल कर्मचाऱ्यासारखी भरपाई मिळते, पण कव्हर त्या वर्णनातल्या कामापुरतंच. म्हणून कोणी कितीही आग्रह केला तरी वर्णनात नसलेली चेनसॉ हातात घ्यायची नाही, त्याला वेगळं ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट लागतं. आणि पार्क खरंच सरकार चालवतं की ठेकेदार हेही विचारा, फॉरेस्ट सर्व्हिसची कितीतरी कॅम्पग्राउंड ठेक्यावर दिलेली आहेत, तिथे तुम्ही व्हॉलंटियर नसून नोकर असता आणि नोकर असाल तर पगार मागायचा.

संडासावरून आठवलं, नातेवाइकांना हे सांगायची तयारी ठेवा. पुण्याहून फोनवर हमखास ऐकायला मिळतं, एवढा इंजिनियर माणूस आणि संडास धुतो? गाडगेबाबांच्या मुलखातले आपण, पण झाडू आपल्या हातात आला की तोंड वाकडं. इथे शेजारच्या साइटवरचा रिटायर्ड डॉक्टरही तेच करत असतो, कुणाला काही वाटत नाही.

रोजचं काम कसं असतं? सकाळी गोल्फ कार्टमध्ये फावडं, बादली आणि पाणी टाकून निघायचं. रिकाम्या झालेल्या साइटवर लोखंडी फायर रिंग असते, त्यातली राख वरून गार दिसते पण आत निखारा धगधगत असू शकतो, म्हणून आधी पाणी ओतायचं, फावड्याने ढवळायचं, परत पाणी ओतायचं, हात जवळ नेऊन ऊब लागतेय का बघायचं आणि मगच राख धातूच्या बादलीत भरायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही. राखेत काय काय निघतं विचारू नका, बिअरचे डबे, खिळे, अर्धवट जळालेला डायपर. मग बोर्डावर आज येणाऱ्यांच्या रिझर्व्हेशनच्या चिठ्ठ्या लावायच्या, टॉयलेट पेपर बघायचा, जळाऊ लाकूड विकायचं असेल तर ते. लाकडावरून लोक वाद घालतात, घरून का आणायचं नाही म्हणून, तर त्याच्यातून झाडं मारणारे किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात, ॲश जातीची झाडं अशीच कोट्यवधींनी गेलीत.

रात्री १० नंतर जनरेटर चालू ठेवणारा एक तरी असतोच. होस्टची साइट बहुतेक गेटजवळची पहिलीच असते, त्यामुळे तुमची अवस्था सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी, कोणीही कधीही येऊन दार वाजवणार. जाऊन हसून एकदाच सांगायचं, दहा वाजून गेलेत हो, बंद कराल का. ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं किंवा माणूस प्यायलेला वाटला तर मागे फिरायचं आणि रेंजरला कळवायचं. तुमच्याकडे दंड करायचा अधिकार नाही, तो युनिफॉर्म नुसता टोपी-जॅकेटाचा आहे. आपल्या उच्चारावरून कधीतरी कोणी खवचट बोलतो, त्यालाही हाच नियम.

स्वयंपाकाचं थोडं. ३० अँप म्हणजे ३६०० वॉट, एवढंच सगळ्या गाडीला. एसी चालू, गीझर चालू आणि त्यात इन्स्टंट पॉट लावला की ब्रेकर पडलाच म्हणून समजा. आमटी-भाजीची भांडी आधी पेपर टॉवेलने पुसून मग धुवायची, नाहीतर तेल आणि डाळीचा गाळ ग्रे टँकमध्ये, म्हणजे भांडी-अंघोळीच्या पाण्याच्या टाकीत बसतो आणि आठ दिवसांत जो वास सुटतो तो हिंगानेही झाकला जात नाही. फोडणी बाहेर इंडक्शनवर केली तर गाडीचे पडदे वाचतात, फक्त अस्वलांचा भाग असेल तर जेवण झाल्या झाल्या सगळं आत किंवा लोखंडी बेअर बॉक्समध्ये. तेलाची बाटलीसुद्धा, साबणसुद्धा.

मेडिकल इन्शुरन्स आपल्या राज्याबाहेर चालतो का ते निघण्याआधी बघा, मेडिकेअर ॲडव्हांटेजवाल्यांनी (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा खासगी कंपनीमार्फत घेतलेल्यांनी) खास, कारण त्यांचं नेटवर्क बहुतेक घराभोवतीचंच असतं.

आणि तास लिहून ठेवा, रोजच्या रोज, सुपरवायझरची सही घेऊन. फेडरल जागांवर मिळून २५० तास झाले की वर्षभराचा व्हॉलंटियर पास मिळतो, सगळ्या नॅशनल पार्कांची एंट्री त्यात येते, स्टेट पार्कातले तास मात्र धरत नाहीत. तुम्ही ६२ किंवा त्यापुढचे असाल आणि सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले असाल तर त्याची वाट न बघता ८० डॉलरचा आयुष्यभराचा सीनियर पासच काढा, त्यावर बऱ्याच फेडरल कॅम्पग्राउंडला भाडंही निम्मं लागतं, एका ठिकाणचं काम संपवून दुसऱ्या ठिकाणी जाताना मधल्या मुक्कामांना तोच उपयोगी पडतो.