उन्हाळ्याच्या संध्याकाळी वर्सोवा-मढ बोट

मे महिन्यात पोरं घरी, खोल्या तापलेल्या आणि गावी जायला रजा नाही. अशा वेळी अंधेरीकरांनी वर्सोवा-मढ फेरीबोट धरावी. रोजच्या जाण्यायेण्याची म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

१. संध्याकाळी ५ नंतर वर्सोवा मेट्रो स्टेशनवरून रिक्षाने जेट्टी गाठा. सुटे पैसे जवळ ठेवा.
२. बोटीत कडेला उभे राहा. खाडी ओलांडायला जेमतेम पाच मिनिटं लागतात, पण खारा वारा अंगावर आला की घामाने चिकटलेला शर्ट सुटतो! बाजूला मोटारसायकलीही चढवलेल्या असतात, पोरांना त्याचंच जास्त अप्रूप.
३. मढला उतरून कोळीवाड्यात बांबूंवर वाळत घातलेले बोंबील दाखवा.

परतीची शेवटची बोट किती वाजता, ते उतरतानाच विचारून घ्या. ती चुकली तर मालाडमार्गे मोठा वळसा पडतो.