गरम झाल्यावर बंद पडणारी जुनी गाडी

इंजिन बंद पडलं की नुसता स्टार्टर मारत बसू नका. दोष त्याच क्षणी सापडतो, थंड झाल्यावर लपून बसतो. आधी प्लगला स्पार्क (ठिणगी) येतो का बघा, प्लग पेट्रोलपासून लांब धरून. नसेल, तर गाडी पुन्हा चालू झाल्यावर कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) पॉझिटिव्ह टोकावर मल्टिमीटर लावा. पॉइंट्स (ठिणगीसाठी उघडझाप करणारे जुने संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवताना जुनी बॅलास्ट रेझिस्टन्सची, म्हणजे कॉइलचं व्होल्टेज कमी करणारी वायर बऱ्याचदा तशीच राहते. बहुतेक मॉड्यूलना (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा मुख्य भाग) पूर्ण 12 व्होल्ट लागतात, आणि या वायरीतून मिळतात जेमतेम 8-9. मॉड्यूलसाठी इग्निशन स्विचपासून वेगळी वायर ओढा.

स्पार्क ठणठणीत असेल, तर टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी चालू झाली, तर टाकीत हवा येण्याचं छिद्र, म्हणजे व्हेंट, तुंबलाय. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टीही तपासा. रंगकामात तिच्याखालचा धातू हमखास झाकला जातो.