ढोबळी मिरचीची कूज रोखायला सुगंधी तेल वापरताय? या चुका टाळा

तोडणीनंतर काही दिवसांत ढोबळी मिरचीच्या देठाशी बुरशी दिसू लागते. करडी, मऊ असेल तर बहुधा बोट्रायटिस. काळपट, दबलेल्या डागावर असेल तर अल्टर्नारिया. ओवा, लवंग, दालचिनी, गवती चहा यांची तेले या बुरशींची वाढ रोखतात. तरीही माल डागाळतो, आणि दोष बहुतेक वेळा वापरण्याच्या पद्धतीत असतो.

तेल थेट पाण्यात ओतणे

तेल पाण्यात विरघळत नाही. गवती चहाचे तेल वर तरंगते, लवंगेचे तळाशी बसते. मग काही फळांना नुसते पाणी लागते, तर काहींना जवळजवळ निव्वळ तेल. अशा फळांवर तपकिरी ठिपके येतात आणि देठाची हिरवी टोपी करपते. ते टाळायला १० लिटर पाण्याला ५ मिली तेल आणि ५ मिली पॉलिसॉर्बेट ८० (ट्वीन ८०, म्हणजे तेल पाण्यात मिसळायला लावणारा पदार्थ) घ्या. आधी हे दोन्ही एकत्र घोटा, मग थोडे थोडे पाणी घालत दुधासारखे होईपर्यंत ढवळा आणि शेवटी उरलेले पाणी मिसळा. ठेवल्यावर वर तवंग आला तर पुन्हा ढवळल्याशिवाय फळे बुडवू नका. पहिल्यांदा दहाच फळे एक मिनिट बुडवून, सुकवून तीन दिवस ठेवा. ठिपके किंवा उग्र वास आला तर तेल निम्मे करा. प्रमाण वाढवून कूज थांबेल ही समजूत सोडा; बुरशीच्या आधी सालच दगावते.

निव्वळ तेल हाताळताना हातमोजे घाला. दालचिनीच्या तेलाने कातडीची आग होते.

तेलाची वाफ देताना जाळीदार क्रेट वापरणे

वाफ उडून जाते. झाकणाचा डबा हवा आणि तेलाचा हिशेब फळांमधल्या रिकाम्या हवेवर. चाचणीसाठी १० लिटर हवेला अर्धा मिली तेल कापसावर घ्या. कापूस फळाला टेकता कामा नये. २४ तासांत डबा उघडा, नाहीतर फळांच्या श्वसनाने आत पाणी सुटते आणि तेच बुरशीला हवे असते. ही वाफ मुख्यतः वाढ थोपवते. ती ओसरली की जिवंत राहिलेली बुरशी पुन्हा उठते, म्हणून थंड साखळीला, म्हणजे तोडणीपासून विक्रीपर्यंत माल थंड ठेवण्याला, पर्याय नाही.

पण थंडीही मोजून. साठवण ७ ते १० अंश सेल्सिअसला करा. त्याखाली फार दिवस राहिलेल्या फळाला खड्डे पडतात आणि अल्टर्नारिया तिथूनच शिरतो. मग तेल कितीही चांगले असो.

प्रत्येक कुजीवर तेल लावणे

फळ लिबलिबीत होऊन घाण वास आला तर तो जिवाणू. तिथे तेलावर विसंबू नका, धुण्याचे पाणी बदला आणि देठ ओढून न तोडता धारदार कात्रीने कापा. बाहेरून धड दिसणारे फळ कापल्यावर बियांभोवती बुरशी निघाली, तर ती बहुधा फुलातूनच शिरलेली असते. सालीवरचे तेल तिथवर पोहोचत नाही.