एस्टा नाकारला गेल्यावर काय करायचं

एस्टा म्हणजे व्हिसा-माफी योजनेतल्या देशांच्या नागरिकांना व्हिसा न काढता अमेरिकेला जाण्यासाठी लागणारी ऑनलाइन परवानगी. भारतीय पासपोर्टवर ती मिळतच नाही. तिथे अमेरिकेसाठी थेट व्हिसाच लागतो. त्यामुळे ही अडचण येते ती लंडन, डब्लिन, मेलबर्न, ऑकलंड किंवा सिंगापूरला राहून तिथलं नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसांना. २०२३ मध्ये इस्रायल अमेरिकेच्या व्हिसा-माफी योजनेत आला, तेव्हापासून तिथल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांनाही. न्यू जर्सीतल्या बहिणीकडे जायचं ठरतं, तिकिटं निघतात, एस्टाचा अर्ज ही दहा मिनिटांची औपचारिकता समजून शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो, आणि पडद्यावर ‘ट्रॅव्हल नॉट ऑथराइज्ड’ असं येतं.

याचा अर्थ अमेरिकेने बंदी घातली असा नाही. व्हिसा न काढता जाण्याची सवलत तुम्हाला मिळणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. व्हिसाचा रस्ता उघडाच असतो. मात्र पुढच्या दोन-चार दिवसांत घाईने काही केलंत, तर तोही अवघड करून ठेवाल.

आधी निकाल नीट वाचा. ‘ऑथरायझेशन पेंडिंग’ म्हणजे नकार नव्हे. निर्णयाला ७२ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. तेवढं थांबा आणि त्याच अर्ज क्रमांकाने स्थिती तपासत राहा. निकाल खरोखर नकाराचा असेल तर अर्ज क्रमांक लिहून घ्या आणि तुम्ही दिलेल्या सगळ्या उत्तरांची पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढचं सगळं या उत्तरांवरच ठरणार आहे, आणि महिनाभराने ती आठवत नाहीत. शुल्काचं म्हणाल तर ३० सप्टेंबर २०२५ पासून एस्टा साधारण ४० डॉलरचा झाला आहे. नकार आला तर त्यातला फक्त प्रक्रियेचा भाग कापला जातो.

यानंतर लगेच दुसरा अर्ज भरायचा नाही. परिस्थिती तीच असेल तर निकालही तोच येतो. आणि दुसऱ्या अर्जात एखादं ‘हो’ बदलून ‘नाही’ केलंत, तर दोन्ही अर्ज त्यांच्याकडे शेजारी शेजारी असतात. खोटी माहिती देऊन प्रवेश मिळवायचा प्रयत्न, असा ठपका एकदा बसला की अपात्रता कायमची असते आणि ती उठवायला वेगळी माफी मागावी लागते. साध्या नकारापेक्षा ही भानगड कितीतरी मोठी आहे.

कारण तुम्हाला कोणी सांगणार नाही. निर्णय घेते सीबीपी, म्हणजे अमेरिकेची सीमाशुल्क व सीमासुरक्षा यंत्रणा. अमेरिकी वकिलातीला फोन केलात तरी ती एस्टाच्या नकाराचा तपशील देऊ शकत नाही आणि निर्णय फिरवूही शकत नाही. कारण आपणच शोधायचं, आणि बहुतेक वेळा ते आपल्याच उत्तरांत सापडतं.

कुठे अडलं असेल

आपल्या लोकांच्या बाबतीत पहिला संशय घ्यावा तो जुन्या व्हिसाच्या नकारावर. पंधरा वर्षांपूर्वी भारतीय पासपोर्टवर मुंबईच्या वकिलातीत मुलाखत दिली होती आणि २१४ बी कलमाखाली, म्हणजे परत जाल याची खात्री पटली नाही म्हणून, नकार मिळाला होता. नंतर नागरिकत्व बदललं, पासपोर्ट बदलला, तरी ती नोंद राहतेच. एस्टाच्या प्रश्नात ‘सध्याच्या किंवा आधीच्या पासपोर्टवर’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. इथे ‘हो’ म्हटल्यावर दर वेळी नकारच येतो असं नाही. पण नकार झालेला असताना ‘नाही’ म्हणणं म्हणजे वर सांगितलेलं संकट ओढवून घेणं. व्हिसाच्या मुलाखतीनंतर कागद कमी म्हणून २२१ जी ची चिठ्ठी हातात ठेवली असेल, तर नोंदीत तोही नकारच असतो.

दुसरा सापळा नोकरीच्या प्रश्नात आहे. अमेरिकेत पूर्वी परवानगीशिवाय नोकरी केली आहे का, असा तो प्रश्न आहे. एच-१बी किंवा एल-१ या नोकरीच्या व्हिसावर रीतसर काम केलेले संगणकवाले प्रश्न अर्धाच वाचतात आणि प्रामाणिकपणे ‘हो’ ठोकतात. परवानगी घेऊन काम केलं असेल तर उत्तर ‘नाही’ आहे. असंच अटकेच्या प्रश्नाचं. मालमत्तेचं मोठं नुकसान किंवा दुसऱ्या व्यक्तीला गंभीर इजा झालेल्या गुन्ह्याबद्दल तो आहे. वेगमर्यादेचा दंड त्यात येत नाही.

तिसरी गोष्ट नावाची, आणि ही खास आपल्याकडची. लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. जुना अमेरिकी व्हिसा माहेरच्या नावावर आणि आजचा ऑस्ट्रेलियन पासपोर्ट सासरच्या नावावर असेल, तर अर्जातल्या ‘इतर नावं’ या रकान्यात माहेरचं पूर्ण नाव द्यायलाच हवं. जुन्या भारतीय पासपोर्टवर आडनावाचा रकाना किंवा पहिल्या नावाचा रकाना रिकामा असल्याने अमेरिकी व्हिसावर ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापलं गेलं असेल, तर तो व्हिसा शोधून त्यावर नाव नेमकं कसं लिहिलं आहे ते पाहा.

नागरिकत्वाच्या प्रश्नातही गोंधळ होतो. ओसीआय कार्ड म्हणजे भारताचं नागरिकत्व नव्हे. ‘सध्या आणखी कोणत्या देशाचे नागरिक आहात का’ याचं उत्तर ओसीआय आहे म्हणून भारत असं येत नाही. ‘पूर्वी होता का’ याला मात्र भारत, जन्माने, असं लिहायचं.

इराण, इराक, सीरिया, सुदान, लिबिया, सोमालिया, येमेन किंवा उत्तर कोरिया यांपैकी कुठे १ मार्च २०११ नंतर, किंवा क्यूबात १२ जानेवारी २०२१ नंतर जाऊन आला असाल, तर व्हिसा-माफी सहसा मिळत नाही. सरकारी किंवा लष्करी कामासाठी गेलेल्यांना काही अपवाद आहेत, पण खासगी नोकरीतल्या माणसाला त्यांचा उपयोग नाही. इराकच्या तेलक्षेत्रावर काम केलेले अभियंते आणि इराणच्या बंदरात उतरलेले जहाजावरचे लोक यात अडकतात. हा गुन्हा नाही आणि व्हिसाला आडकाठीही नाही. अशांनी एस्टावर वेळ घालवू नये, सरळ व्हिसाला लागावं.

पूर्वी अमेरिकेत मुदतीपेक्षा जास्त राहिला असाल, अगदी एक दिवस का होईना, तरी व्हिसा-माफीचा दरवाजा बंद होतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाच्या आत असेल, तर देश सोडल्यापासून तीन वर्षं प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा अधिक असेल तर दहा वर्षं. कधीकधी माणूस वेळेत निघालेला असतो, पण गाडीने कॅनडात गेल्यामुळे बाहेर पडल्याची नोंदच झालेली नसते. सीबीपीच्या आय-९४ संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून मागच्या दहा वर्षांच्या येण्याजाण्याच्या नोंदी फुकट पाहता येतात. जुन्या प्रवासासाठी जुना पासपोर्ट क्रमांक टाकायचा, हे विसरू नका.

चूक खरोखर टंकलेखनाची असेल तर

पात्रतेच्या प्रश्नाला चुकून ‘हो’ दाबलं गेलं असेल, तर अधिकृत संकेतस्थळावरच्या मदत विभागातून सीबीपीशी संपर्क करा, अर्ज क्रमांक द्या, कोणतं उत्तर का चुकलं ते दोन वाक्यांत लिहा आणि ते सांगतील त्याप्रमाणे नवा अर्ज भरा. आधी कळवून मग बदललेलं उत्तर आणि गुपचूप बदललेलं उत्तर यांत फार फरक आहे. पासपोर्ट क्रमांक किंवा जन्मतारीख चुकली असेल तर ती दुरुस्त होत नाही, नवाच अर्ज लागतो. शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत इथे नेहमी होते. पत्ता किंवा ईमेल मात्र आहे त्या अर्जात बदलता येतो.

अर्ज एजंटाकडून किंवा कुठल्या तरी भलत्याच संकेतस्थळावरून भरला असेल, तर त्याने कोणती उत्तरं दिली ते आधी मागून घ्या. अधिकृत संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट गव्ह’ असा असतो.

उत्तरं सगळी बरोबर आहेत आणि तुमच्याच नावाच्या दुसऱ्या कोणाशी गल्लत झाली असावी असं वाटत असेल, तर ‘डीएचएस ट्रिप’ ही अमेरिकी गृहसुरक्षा खात्याची तक्रार-निवारणाची सोय आहे. अर्ज ऑनलाइन, विनामूल्य. सोबत पासपोर्टची प्रत जोडायची. शेवटी सात अंकी रिड्रेस क्रमांक मिळतो, तो पुढे तिकीट काढताना देता येतो. यातून एस्टा मिळेलच अशी हमी नाही, आणि पुढच्या महिन्यातल्या प्रवासाला याचा उपयोग होईल असं धरून चालू नका.

व्हिसाचा रस्ता

बहुतेकांना शेवटी बी-१/बी-२ व्हिसाच, म्हणजे कामाच्या भेटीसाठीचा (बी-१) आणि फिरण्यासाठीचा (बी-२) व्हिसाच, काढावा लागतो. डीएस-१६० हा फॉर्म ऑनलाइन भरायचा, १८५ डॉलर शुल्क भरायचं, मुलाखतीची तारीख घ्यायची. फोटो दोन बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढून. फॉर्म मधेच बंद पडतो, म्हणून पहिल्याच पानावरचा अर्ज क्रमांक टिपून ठेवा आणि अधूनमधून सेव्ह करा.

या फॉर्ममध्ये एस्टा कधी नाकारला गेला होता का, असा स्वतंत्र प्रश्न आहे. उत्तर ‘हो’, आणि खुलाशात तारीख व तुम्हाला वाटतं ते कारण एका ओळीत. मागच्या पाच वर्षांतल्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांची नावंही द्यावी लागतात.

सप्टेंबर २०२५ पासून मुलाखत आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच द्यावी, असा नियम आहे. ब्रिटिश पासपोर्टवाल्याने सुट्टीत पुण्याला आल्यावर मुंबईत उरकून घेऊ म्हणायचे दिवस गेले.

तातडीची तारीख मागता येते, पण आधी नेहमीची तारीख घेऊन, शुल्क भरून, मगच. आजारपण किंवा मृत्यूसारख्या कारणांचा विचार होतो. लग्न, पदवीदान, बाळंतपणाला मदत, अधिवेशन ही कारणं सहसा चालत नाहीत, आणि आपल्याकडे जाण्याची कारणं नेमकी हीच असतात. त्यामुळे नकाराच्या दिवशीच त्या शहरातल्या मुलाखतीसाठी किती थांबावं लागतंय ते पाहा. प्रवासाची तारीख त्याच्या आत येत असेल तर तिकीट पुढे ढकलणंच शहाणपणाचं.

मुलाखतीला जाताना जाड फाइल नको. नेमके कागद हवेत. नोकरीचं पत्र, घराचे किंवा भाड्याचे कागद, जुने पासपोर्ट, नावबदलाचा पुरावा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र. ब्रिटनमध्ये अटक किंवा शिक्षा झाली असेल तर ‘एक्रो’ या तिथल्या पोलीस नोंदींच्या कार्यालयाचा दाखला आधीच मागवा. तिथल्या कायद्याने जुनी शिक्षा ‘स्पेंट’ (काळ उलटल्यामुळे बाद) झाली असली तरी अमेरिकी व्हिसासाठी ती सांगावीच लागते. मुदतीपेक्षा जास्त राहण्यामुळे बंदी लागू असेल तर वकिलातीतला अधिकारी माफीची शिफारस करू शकतो. त्याला महिने लागतात, आणि तिथे मात्र इमिग्रेशन वकिलाची फी वसूल होते. नुसत्या एस्टाच्या नकारासाठी वकील गाठायची गरज नाही.

व्हिसा मिळाला तर सवलतीपेक्षा बराच सोयीचा पडतो. एस्टावर ९० दिवसांच्या वर एक दिवस वाढवून मिळत नाही. बी-२ वर सहसा सहा महिने मिळतात आणि मुदतवाढीचा अर्जही करता येतो.

प्रवास तोंडावर आला असेल तर

अमेरिका फक्त वाटेवर असेल, तर मार्ग बदला. नेवार्कला दोन तास विमान बदलायचं असलं तरी एस्टा किंवा व्हिसा लागतोच. लंडनहून टोरंटो, सिडनीहून व्हँकुव्हर अशी थेट विमानं आहेत. मात्र कॅनडासाठीही इलेक्ट्रॉनिक परवानगी लागते, आणि तिच्या अर्जात कोणत्याही देशाने व्हिसा किंवा प्रवेश नाकारला होता का, असं विचारतात. कॅनडात उतरून गाडीने अमेरिकेत शिरू, हा बेत जमत नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून जमिनीवरच्या सीमेलाही एस्टा लागतो.

कुटुंबातल्या एकालाच नकार आला असेल तर बाकीच्यांचे एस्टा रद्द होत नाहीत. ते जाऊ शकतात.

पैशांचं: अमेरिकेच्या विमानाचं तिकीट प्रवासाच्या किमान सात दिवस आधी काढलं असेल, तर विमान कंपनीकडून थेट घेतल्यावर २४ तासांत दंडाशिवाय रद्द करता येतं. एस्टाच्या निर्णयाला मात्र ७२ तास लागू शकतात. म्हणून एस्टा आणि तिकीट एकाच दिवशी काढू नका, एस्टा आधी. ब्रिटनहून निघणाऱ्या न वापरलेल्या तिकिटातला प्रवासी कर परत मागता येतो, जरी काही कंपन्या त्यावर हाताळणी शुल्क लावतात. प्रवास विमा बहुतेक वेळा परवानगी नाकारल्याचा खर्च देत नाही. तरी पॉलिसीतलं ते कलम वाचून पाहा.

जुन्या भारतीय पासपोर्टवर दहा वर्षांचा अमेरिकी व्हिसा अजून शिल्लक आहे, तोच दाखवू, असं पुष्कळांच्या मनात येतं. ते चालत नाही. जुन्या पासपोर्टमधला व्हिसा नव्या पासपोर्टसोबत वापरता येतो, पण दोन्ही पासपोर्ट एकाच देशाचे असतील तरच.