नाताळातील सायक्लोक्रॉस : मार्गावरचे अडथळे कसे पार करावेत

बेल्जियममध्ये नाताळ ते नववर्ष हे दिवस सायक्लोक्रॉसचे, म्हणजे चिखल, वाळू आणि अडथळे असलेल्या छोट्या मार्गावर फेऱ्या मारण्याच्या सायकल शर्यतींचे असतात. झोल्डरचे मोटारशर्यतीचे मैदान, संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात उजळलेल्या दीखेमच्या गल्ल्या, लूनहाउटची शिवारे आणि १ जानेवारीला बाल गावात होणारी माजी विश्वविजेते स्वेन नेइस यांच्या नावाची शर्यत, असा हा एकामागोमाग येणारा सणच असतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एक फेरी अडीच ते साडेतीन किलोमीटरची असते आणि तिचा किमान ९० टक्के भाग सायकल चालवण्याजोगा असावा लागतो. नवखा स्पर्धक सर्वाधिक वेळ गमावतो तो उरलेल्या भागात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा ताकदीची कमतरता हे नसते. अडथळा नीट पार होणार की नाही, हे त्याच्या दहा मीटर आधीच ठरलेले असते; म्हणून या लेखातील अनेक सूचना अडथळ्यापूर्वीच्या त्या दहा मीटरांविषयी आहेत.

मार्गाची पाहणी करताना डिसेंबरच्या थंडीचा विचार आधी करावा. सकाळी गोठून दगडासारखी झालेली चाकोरी दुपारी उन्हाने सैल होते आणि शर्यतीच्या वेळी तिथे घोट्यापर्यंत चिखल असतो. त्यामुळे सकाळच्या फेरीवर विसंबून टायरमधील हवा ठरवू नये. शर्यतीच्या शक्य तितक्या जवळच्या वेळी पुन्हा एक फेरी मारून मगच ती पक्की करावी. मोठ्या शर्यतींत टायरची रुंदी ३३ मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही, त्यामुळे पकड वाढवण्याचा खरा उपाय हवा कमी करणे हाच उरतो. वळणावर टायर किंचित दबावा, पण मुळावर किंवा दगडावर रिम आपटू नये, इतपत हवा ठेवावी.

फळ्यांचा अडथळा सर्वांत आधी शिकावा. वाटेत आडव्या उभ्या केलेल्या दोन फळ्या एकमेकींपासून ४ मीटर अंतरावर असतात आणि त्यांची उंची ४० सेंटीमीटरपर्यंत असते. परत बसल्यावर पहिल्याच पेडलला वेग धरता येईल असा गिअर फळ्या येण्यापूर्वीच टाकावा. साखळी उजव्या बाजूला असल्यामुळे उतरायचे ते डावीकडून. उजवा पाय पेडलमधून सोडवून सीटच्या मागून डावीकडे आणावा, डावा हात हँडलबारवर राहू द्यावा आणि उजवा हात आडव्या नळीवर टेकवावा. या क्षणी शरीराचा सारा भार डाव्या पेडलवर आणि त्या उजव्या हातावर असतो. डावा पाय पेडलमधून वेळेवर सुटला नाही, तर पडणे जवळजवळ अटळ असते, म्हणून ही एकच हालचाल मऊ गवतावर पन्नास वेळा करून पाहावी. जमिनीवर पाय टेकताच धावायला लागावे आणि सायकल फळीच्या चार बोटे वर जाईल इतकीच उचलावी, कारण त्याहून वर उचलण्यात केवळ दम वाया जातो. परत बसताना उंच उडी घेऊन सीटवर आदळू नये. उजव्या मांडीची आतली बाजू सीटवर टेकवून सरकत बसावे. बीएमएक्समधून आलेले स्वेन नेइस फळ्यांवरून सायकलसह उडी मारत असत आणि आज अनेक जण तसे करतात. ते दृश्य मोहात पाडणारे आहे, तरीही पहिल्या हंगामात तो मोह टाळावा असेच मी आग्रहाने सांगेन.

पायऱ्या आणि धावत पार करायचे चढ यांसाठी सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उजवा हात खालच्या तिरक्या नळीखालून पुढे नेऊन हँडलबारचे डावे टोक धरावे, म्हणजे पुढचे चाक डुलत नाही आणि डावा हात मोकळा राहतो. पाण्याची बाटली व तिची जाळी आधीच काढून ठेवावी, नाहीतर ती खांद्याच्या आड येते.

वाळूची गोष्ट निराळी आहे. झोन्होवेन येथील ‘दे कॉइल’ या प्रचंड खड्ड्यात उतार आणि वाळू एकत्र येतात आणि कडांवर प्रेक्षकांची दाटी असते. अशा वाळूत शिरताना वेग भरपूर असावा आणि गिअर नेहमीपेक्षा एक-दोन दाते जड असावा; आत गेल्यावर गिअर बदलू नये. वजन मागे घ्यावे, हात सैल सोडावेत आणि आधीच्या सायकलींनी पाडलेल्या चाकोरीत पुढचे चाक आपोआप जाऊ द्यावे. घाबरून हँडलबार घट्ट धरला की चाक रुतते, असा अनुभव प्रत्येकाला पहिल्याच दिवशी येतो. पेडल थांबू लागले आहे असे जाणवताच, सायकल पूर्ण थबकण्यापूर्वी उतरून धावावे. थांबून मग उतरणारा स्पर्धक स्वतःचा वेग तर गमावतोच, शिवाय मागच्यांची वाटही अडवतो.

डिसेंबरच्या मध्याला नामूरच्या किल्ल्याखाली होणाऱ्या शर्यतीत तिरप्या उतारांची खरी कसोटी लागते. वाट डोंगराच्या कुशीतून आडवी जाते आणि सायकल सतत खाली घसरू पाहते. तेथे सुरुवात शक्य तितक्या वरच्या कडेने करावी, म्हणजे थोडे घसरले तरी जागा उरते. ब्रेक उताराआधी लावून घ्यावा, प्रत्यक्ष उतारावर तो जवळजवळ सोडून द्यावा, भार दरीच्या बाजूच्या पेडलवर द्यावा आणि डोंगराच्या बाजूचे पेडल वर ठेवावे. मार्गाची खालची कड दाखवणाऱ्या दोरीकडे पाहू नये. जिथे नजर जाते तिथेच चाक जाते.

लूनहाउटमधील ओळीने येणाऱ्या उंचवट्यांवर हात आणि गुडघे लवचीक ठेवून चढताना सायकल अंगाकडे येऊ द्यावी व उतरताना खाली ढकलावी. तात्पुरत्या लाकडी पुलावर, विशेषतः दव किंवा बर्फ असताना, उतरणीवर वळू नये आणि पुढचा ब्रेक दाबू नये.

चिखलाच्या दिवशी दुसरी सायकल आणि ती धुणारा एक भरवशाचा माणूस सोबत असणे फार मोलाचे असते. सायकल बदलण्याची मुभा फक्त पिटच्या, म्हणजे त्यासाठी राखून ठेवलेल्या जागेच्या, मार्गिकेत असते, आणि एकदा पिट ओलांडून पुढे गेल्यावर मागे वळता येत नाही. एका फेरीत दोनदा जाता येईल अशा पिटमध्ये प्रत्येक अर्ध्या फेरीला सायकल बदलता येते, म्हणून साखळी खरखरू लागताच, ती पुरती अडकण्याची वाट न पाहता, पिटमधल्या सोबत्याला हाताने खूण करून पुढच्या वेळी आत येत असल्याचे कळवावे.