जालना–कळंबोली मार्गासाठी ट्रक आणि माल जोडणारं ॲप कसं आखावं

सुरुवात नकाशावर पळणाऱ्या ट्रकच्या चित्रापासून करू नका, भाडेचिठ्ठीपासून करा. गाडी आणि माल यांची गाठ फोनवरही पडते. भांडण लागतं ते पुढे: वजनाचा काटा कुणाचा धरायचा, हमाली कुणी द्यायची, गाडी दीड दिवस खोटी झाली (भरायला-उतरवायला खोळंबली) त्याचं काय, राहिलेलं भाडं कधी मिळणार. या प्रश्नांची उत्तरं गाडी लागण्याआधी लिहून घेणं हेच ॲपचं खरं काम.

सगळा महाराष्ट्र एकदम उघडू नका. दोन्ही बाजूंनी माल मिळेल असा एकच मार्ग धरा. जालन्याच्या कारखान्यांतून सळई नवी मुंबईतल्या कळंबोलीच्या लोखंड बाजारात येते, आणि त्याच कारखान्यांच्या भट्ट्यांना मुंबई-न्हावाशेवा पट्ट्यातून भंगार लागतं. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला, त्यामुळे मार्गही सरळ झाला. भिवंडीच्या गोदामांतले खोके रिटर्न भाडं (परतीचा माल) म्हणून द्यावेत, असा मोह इथेच होतो. ते जमत नाही. सळईच्या उघड्या गाडीचा तळ गंजलेला आणि तेलकट असतो, खोक्यांना बंद बॉडी लागते. म्हणून गाडी शोधताना पहिली चाळणी अंतराची नको, बॉडीची हवी.

मालाच्या फॉर्ममध्ये ‘सळई, 18 टन’ एवढं पुरत नाही. सळई सरळ आहे की दुमडलेली, हे विचारा. 12 मीटरच्या सरळ सळईला 40 फुटी ट्रेलर लागतो, दुमडलेली 22-24 फुटी दहाचाकीत बसते. हे न विचारल्यास गाडी गेटवरून रिकामी परत जाते किंवा सळया मागे बाहेर काढून निघते, आणि तसं नेणं बेकायदा आहे. पुढे हे विचारा: भाडं टनामागे की गाडीमागे, टनामागे असल्यास गॅरंटी वजन (माल कमी भरला तरी ज्याचं भाडं मिळतं ते) किती, ताडपत्री-दोर कुणाचे, हमाली कुणाची. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची जुनी मागणी आहे. फॉर्ममध्ये तेच आधी निवडलेलं ठेवा, बदलायचं त्याने बदलावं. पत्ता म्हणून गावाचं नाव घेऊ नका, गेटचं ठिकाण घ्या. कारखान्याचं ऑफिस एका रस्त्यावर आणि माल भरायचं गेट दुसऱ्या रस्त्यावर, हे नेहमीचंच.

वजनाची मर्यादा चालकाला टाइप करू देऊ नका, आरसीवरून (गाडीच्या नोंदणीपत्रावरून) काढा. दहाचाकीचं मालासह कमाल वजन 28.5 टन. आरसीवर एकूण वजन तेवढंच असेल आणि रिकामी गाडी 9.5 टनांची असेल, तर 19 टनांच्या वरचं भाडं तिला दिसताच कामा नये. टनाला 1,200 रुपये धरले तर दोन टन जास्त भरून 2,400 सुटतात; पकडल्यास दंड 20,000 आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000. हा हिशोब स्क्रीनवरच दाखवा.

गाडीची पडताळणी ‘वाहन’ या सरकारी गाडी-नोंदणीवरून करा, चालकाच्या परवान्याची ‘सारथी’ या परवाना-नोंदणीवरून. दोन्ही ‘युलिप’ या सरकारी व्यवस्थेतून जोडता येतात. फिटनेस, विमा, परमिट यांच्या तारखा फेरी संपेपर्यंत चालू हव्यात, फक्त बुकिंगच्या दिवशी नव्हेत. मालक आणि चालक ही खाती वेगळी ठेवा: भाडं मालकाच्या खात्यात जातं, डिझेल-भत्त्याची गरज चालकाला असते. खात्यात एक रुपया टाकून नाव तपासा आणि ते आरसीवरच्या मालकाशी जुळवा. दुसऱ्याच्या गाडीचे फोटो पाठवून ॲडव्हान्स उकळण्याचा प्रकार इथेच अडतो. भरायच्या गेटवर नंबर प्लेटचा फोटो ॲपमधूनच काढायला लावा, गॅलरीतला घेऊ नका.

फेरीचे टप्पे चालकाच्या शब्दांत लिहा: गाडी लागली, गेटवर आली, भरली, निघाली, पोहोचली, रिकामी झाली, पोच (माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती) मिळाली, हिशोब झाला. सगळ्यात नाजूक ‘गेटवर आली’. खोटीचं घड्याळ चालकाने बटण दाबलं आणि गाडी गेटपासून 300 मीटरच्या आत असली, तरच सुरू व्हावं. नुसत्या बटणावर ठेवलं तर ढाब्यावरून दाबलं जातं. नुसत्या जीपीएसवर ठेवलं तर शेजारच्या कारखान्यात उभी गाडीही मोजली जाते. भरायला 6 तास, उतरवायला 8 तास मोफत, पुढे दर तासाला ठरलेली रक्कम, अशी काहीतरी अट आधीच दोघांना मान्य करायला लावा.

काट्याच्या दोन्ही पावत्या घ्या, भरतानाची आणि उतरवतानाची. दोन वेगळ्या काट्यांत थोडी तफावत येणारच. 18 टनांवर 50 किलोपर्यंत सोडून द्यायचं, असं काही ठरलेलं नसेल तर कळंबोलीला दर दुसऱ्या गाडीचे पैसे कापले जातील.

पैशाचा नमुना: 18 टन × 1,200 = 21,600. काट्याची पावती आणि बिल्टी (वाहतूकदार देतो ती माल घेतल्याची पावती) ॲपवर चढली की 85 टक्के म्हणजे 18,360 लगेच; 3,240 पोच आल्यावर. पोचवर शिक्का, सही आणि ‘माल कमी’चा शेरा तिन्ही दिसायला हवेत, नाहीतर कारखान्याचा हिशेबनीस ती परत पाठवतो. दहा किंवा कमी गाड्यांच्या मालकाने पॅनसह घोषणापत्र दिलं तर टीडीएस (भाड्यातून आधीच कापायचा आयकर) कापावा लागत नाही. ते नोंदणीतच घ्या. बिल्टी मात्र आपल्या नावाने फाडू नका. फाडलीत की तुम्ही कायद्याने वाहतूकदार ठरता, मालाची जबाबदारी आणि जीएसटीचा व्याप मागे लागतो.

ई-वे बिलाची (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. हा मार्ग 400 किलोमीटरच्या आतबाहेर आहे: 395 ला दोन दिवस, 405 ला तीन. मुदत संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंतच ती वाढवता येते, म्हणून सूचना 8 तास आधी पाठवा. गाडी बिघडून माल दुसरीत चढवला तर ई-वे बिलाच्या भाग-ब मध्ये नव्या गाडीचा नंबर भरेपर्यंत ‘निघाली’ बटण बंद ठेवा.

स्वस्त फोन बॅटरी वाचवायला ॲप मारून टाकतात आणि ट्रक नकाशावर गोठतो. फेरी चालू असताना कायम दिसणारी सूचना ठेवा, ठिकाण 15 मिनिटांनी घ्या, नेटवर्क नसताना साठवा. ते बंद पडलं तर चालकाच्या संमतीने सिमवरून ठिकाण आणि टोलनाक्यांवरच्या फास्टॅगच्या वेळा कामी येतात.

भाड्याचा उलटा लिलाव (सगळ्यात कमी बोलीला काम) ठेवू नका. भरलेली दहाचाकी लिटरला 4 किलोमीटर धरा आणि डिझेल 90 रुपये: 400 किलोमीटरला 9,000 नुसत्या डिझेलचे, टोल वेगळा. बोली खाली खेचलेला मालक रात्री चांगलं भाडं मिळालं की तुमचं सोडतो, आणि सकाळी कारखान्याच्या गेटवर गाडीच नसते. रिटर्न भाडं गाडी रिकामी झाल्यावर दाखवलंत तर चालकाने कळंबोलीतल्या ओळखीच्या दलालाला फोन केलेला असतो. ते इगतपुरी ओलांडतानाच दाखवा, कळंबोलीपासून 60 किलोमीटरच्या आतलं, आणि भंगाराचं आधी.